बदली झालेला देव

जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत जपानमधल्या काही देवळांपुढे शाळकरी मुलामुलींची रीघ लागते. प्रत्येकाच्या हातात एक छोटी लाकडी पाटी असते. तिला तिकडे ‘एमा’ म्हणतात. पाटीवर आपले नाव लिहायचे, ज्या विद्यापीठात प्रवेश हवा त्याचे नाव लिहायचे, खाली ‘उत्तीर्ण होऊ दे’ एवढेच मागणे लिहायचे आणि ती पाटी देवळाच्या आवारातल्या चौकटीवर टांगायची. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशा शेकडो पाट्या तिथे लटकत असतात. काहींवरचे अक्षर मुलांचे नसते. ते आईचे असते, नाहीतर आजोबांचे. आपल्याकडे दहावी-बारावीच्या दिवसांत गणपतीच्या देवळात जी गर्दी दिसते, तिचेच हे जपानी रूप म्हणायला हरकत नाही.

या देवाचे नाव तेनजिन. शब्दशः अर्थ ‘आकाशातला देव’. जपानभर त्याची सुमारे १२,००० देवळे आहेत. पण या देवाची खरी गंमत पुढेच आहे. हा देव स्वर्गातून उतरलेला नाही, कुठल्या पर्वतातून प्रकटलेला नाही. तो एक सरकारी अधिकारी होता. त्याने परीक्षा दिल्या, नोकरी केली, बढत्या मिळवल्या. मग त्याच्यावर खोटा आरोप आला, त्याची दूरच्या मुलखात बदली झाली आणि तिथेच तो झुरून मेला. मेल्यानंतर ज्या सरकारने त्याला हाकलले होते, त्याच सरकारने घाबरून त्याला देव केले.

मी उमेदीची सारी वर्षे बँकेत काढली. बदली, चौकशी, बढती, ज्येष्ठता यादी या शब्दांवर आमचे आयुष्य तोललेले असे. त्यामुळे जपानी पुराणातल्या सूर्यदेवीपेक्षा आणि वादळाच्या देवापेक्षा हा ‘बदली झालेला देव’ मला अधिक जवळचा वाटतो.

मधल्या श्रेणीत पास

त्याचे मनुष्यपणीचे नाव सुगावारा नो मिचिझाने. जन्म इ. स. ८४५ चा. त्या वेळी जपानची राजधानी हेइआन-क्यो, म्हणजे आजचे क्योटो. घराणे विद्वानांचे. आजोबा आणि वडील दोघेही चिनी विद्येचे मोठे पंडित, आणि घरची पाठशाळाच अशी की सरकारी नोकरीत जाणारी मुले तिथे घडत. जपानात तेव्हा चिनी भाषेचे स्थान आपल्याकडच्या संस्कृतसारखे होते. राज्यकारभार, कविता, शास्त्र सगळे तिच्यात चाले. मिचिझानेने अकराव्या वर्षी पहिली चिनी कविता केली. विषय होता चांदण्यात पाहिलेला ‘उमे’चा बहर. या झाडाला आपण इंग्रजी वळणाने प्लम म्हणतो, पण त्याचे नाते जर्दाळूशी अधिक जवळचे. थंडी सरायच्या आत ते फुलते. हे झाड लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

८७० साली त्याने सरकारी परीक्षांतली सर्वांत अवघड परीक्षा दिली. दोन प्रश्न होते. एक कुळांच्या उत्पत्तीविषयी आणि दुसरा भूकंपांविषयी. परीक्षक कडक होता. त्याने उत्तरांतले दोष दाखवून दिले आणि मधल्या श्रेणीत पास केले. त्या परीक्षेत नुसते पास होणेही दुर्मीळ होते, हे खरे. पण आज लाखो मुले ज्याच्यापुढे अव्वल गुणांसाठी हात जोडतात, त्या परीक्षादेवाच्या स्वतःच्या पेपरावर परीक्षकाचे ताशेरे होते, ही गोष्ट आपल्याकडच्या पालकांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे तो साहित्याचा राजमान्य अध्यापक झाला. ८८६ मध्ये त्याला शिकोकू बेटावरच्या सानुकी प्रांताचा सुभेदार म्हणून पाठवले गेले. राजधानीतल्या पंडिताला ही नेमणूक रुचली नाही, पण तिथल्या चार वर्षांत त्याने जे पाहिले ते दरबारी कवींना सहसा दिसत नसे. ‘थंडी कोणाला आधी गाठते?’ या एकाच प्रश्नावर त्याने तिथे दहा कविता लिहिल्या. त्यांत करभारामुळे गाव सोडून पळालेला आणि परत आलेला माणूस आहे, म्हातारा विधुर आहे, अनाथ पोर आहे, रोजावर राबणारा नावाडी आहे, मीठ विकणारा आहे, मोळीविक्या आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या एका सुभेदाराने आपल्या प्रांतातल्या गरिबांची अशी नोंद ठेवावी, हे विशेषच. सरकारी अहवालात या माणसांची संख्या तेवढी येते, थंडी येत नाही.

एका हुकमाची गोष्ट

राजधानीत तेव्हा सत्ता होती फुजिवारा घराण्याची. गादीवर सम्राट बसे, पण त्याची आई, बायको, सासरा आणि प्रधान बहुधा फुजिवारा असत. सम्राट उदा याला ही पकड सैल करायची होती. त्याने या घराण्याबाहेरचा, स्वतःच्या बुद्धीवर वर आलेला मिचिझाने हेरला आणि झपाट्याने वर चढवला. ८९४ मध्ये चीनला जाणाऱ्या राजदूत मंडळाचा प्रमुख म्हणून त्याची निवड झाली, तेव्हा त्यानेच अर्ज करून सांगितले की तांग साम्राज्याची अवस्था ढासळली आहे, या सफरीचा फेरविचार व्हावा. सफर रद्द झाली. ९०७ मध्ये तांग घराणे खरोखरच बुडाले. माणूस नुसता कवी नव्हता, त्याला ताळेबंद वाचता येत होता.

८९७ मध्ये उदाने गादी सोडली आणि कोवळ्या वयाचा मुलगा दाइगो सम्राट झाला. ८९९ मध्ये फुजिवारा नो तोकिहिरा ‘डावा मंत्री’ झाला आणि मिचिझाने ‘उजवा मंत्री’. दरबारात डाव्याचा मान उजव्यापेक्षा एक पायरी वरचा. तोकिहिरा तिशीच्या आतला, मोठ्या घरचा. मिचिझाने पन्नाशी ओलांडलेला, पंडिताच्या घरचा. नोकरी केलेल्या कुणालाही पुढचे सांगावे लागू नये.

९०१ च्या सुरुवातीला आरोप आला. मिचिझानेची मुलगी सम्राटाच्या धाकट्या भावाला दिलेली होती. सम्राटाला पदच्युत करून या जावयाला गादीवर बसवण्याचा कट तो करतो आहे, असे तरुण सम्राटाच्या कानी घालण्यात आले. हुकूम निघाला. निवृत्त सम्राट उदा रदबदलीसाठी राजवाड्याकडे धावला, पण पहारेकऱ्यांनी त्याला आत सोडले नाही. बाप दाराबाहेर आणि लेकाची सही आत!

हुकमात ‘हद्दपारी’ हा शब्द नव्हता. कागदावर ती चक्क नेमणूक होती. पश्चिमेला दूर क्यूशू बेटावर दाझाइफू नावाचे सरकारी ठाणे होते, तिथले एक जादा पद. कामकाज नाही, अधिकार नाही. राहायला मिळाले मोडकळीला आलेले घर. थोरल्या मुलांना वेगवेगळ्या दिशांना पाठवण्यात आले. बरोबर आली ती दोन लहानगी, आणि त्यांतला मुलगा तिथेच गेला. पंचावन्नाव्या वर्षी आलेली ही बदली मिचिझानेने दोन वर्षे सोसली. आदल्या वर्षी सम्राटाने कवितेवर खूश होऊन दिलेला झगा त्याने जपून ठेवला होता. त्याचा सुगंध आपण रोज घेतो, असे त्याने एका कवितेत लिहिले आहे. ज्याने शिक्षा दिली, त्याच्यावरची निष्ठा काही सुटत नव्हती. ९०३ साली तो वारला.

लोककथा इथे सुरू होतात. राजधानी सोडताना त्याने अंगणातल्या उमेच्या झाडाचा निरोप घेतला होता. ते झाड म्हणे धन्याच्या ओढीने एका रात्रीत उडून दाझाइफूला आले. चेरीचे झाड दुःखाने वाळून गेले आणि पाइनचे झाड निघाले खरे, पण वाटेतच त्याचे बळ सरले. ‘उडून आलेले उमे’ आजही दाझाइफूच्या देवळापुढे उभे आहे, आणि आवारातल्या हजारो झाडांत तेच आधी फुलते असे सांगतात. दुसरी कथा बैलाची. अंत्ययात्रेची बैलगाडी वाटेत थांबली, बैल खाली बसला तो उठेना. मग तिथेच दफन झाले आणि तिथेच देऊळ उभे राहिले. म्हणून तेनजिनच्या देवळात बसलेल्या बैलाची मूर्ती हमखास असते. मुले परीक्षेआधी त्याचे डोके चोळतात, मग तोच हात स्वतःच्या डोक्यावर फिरवतात.

वीज पडली

दरबार निर्धास्त झाला होता, पण फार काळ नाही. ९०९ मध्ये तोकिहिरा चाळिशी गाठायच्या आत मेला. ९२३ मध्ये युवराज गेला. तो तोकिहिराचा भाचा, वय अवघे वीस. त्याच्या जागी त्याचा लहानगा मुलगा युवराज झाला. तो तोकिहिराच्या मुलीचा मुलगा. ९२५ मध्ये चार-पाच वर्षांचे ते पोरही गेले. आणि ९३० च्या उन्हाळ्यात, पावसाने ओढ दिली म्हणून मंडळी राजवाड्यात जमलेली असताना, काळे ढग दाटून आले आणि सम्राटाच्या निवासी महालावर वीज कोसळली. बडे अधिकारी जागीच ठार झाले. सम्राट दाइगोने त्या धक्क्याने अंथरूण धरले आणि तीन महिन्यांत तोही गेला.

जपानात तेव्हा एक श्रद्धा घट्ट होती. अन्यायाने मेलेल्या थोर माणसाचा आत्मा शांत होत नाही, तो रोगराई, वीज, पूर होऊन परत येतो. त्याला ‘गोऱ्यो’ म्हणत. ८६३ मध्ये अशा आत्म्यांच्या शांतीसाठी राजधानीत सरकारी उत्सवच झाला होता. शिंतो धर्मात ‘कामी’ म्हणजे देव ही कल्पना फार ऐसपैस आहे. ज्याच्यापुढे मन थरारते ते सारे कामी. डोंगर, धबधबा, जुनाट वृक्ष आणि माणूससुद्धा. तो चांगलाच असला पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे राजवाड्यावर पडलेली वीज कोणाची, हा प्रश्न कुणाला पडला नाही. सगळ्यांनी मनातल्या मनात एकच नाव घेतले.

आज आपण म्हणू, हा योगायोग. वीज उंच इमारतीवर पडते, साथीत माणसे मरतात. ते खरेच आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की एवढ्या सगळ्यांना एकाच वेळी एकाच माणसाची आठवण झाली. ज्याच्यावर अन्याय झाला नाही, त्याचे भूत कुणाला दिसत नाही. अख्ख्या दरबाराला ठाऊक होते की तो आरोप खोटा होता. वीज पडेपर्यंत कुणी बोलले नव्हते, एवढेच.

फाइल दुरुस्त होते

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. दरबाराने नुसती पूजाअर्चा केली नाही, कागद दुरुस्त केले. युवराज गेल्यावर ९२३ मध्येच मिचिझानेला उजव्या मंत्र्याचे पद परत मिळाले, दर्जा एक पायरी वर गेला आणि बदलीचा हुकूम रद्द झाला. तोवर माणूस जाऊन वीस वर्षे झाली होती. ९४७ मध्ये क्योटोच्या उत्तरेला कितानो इथे त्याचे देऊळ उभे राहिले. ९५९ मध्ये त्या देवळाला मोठ्या इमारती बांधून दिल्या त्या तोकिहिराच्या सख्ख्या पुतण्याने, एका फुजिवाराने! ९८७ मध्ये तिथला उत्सव सरकारी झाला. ९९३ मध्ये मिचिझानेला मरणोत्तर डावा मंत्री करण्यात आले, म्हणजे तोकिहिराचेच पद. आणि त्याच वर्षी पुन्हा बढती देऊन महामंत्री. दरबारात याहून वरचे पद नव्हते. मृत्यूनंतर नव्वद वर्षांनी एका सरकारी नोकराची सेवापुस्तिका पूर्ण झाली.

त्याला जे दैवी नाव मिळाले, त्यात ‘दाइजिझाइ’ हा शब्द आहे. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोचलेल्या महेश्वराचे, म्हणजे आपल्या शंकराचे, हे जपानी नाव. बौद्ध चित्रांत हा महेश्वर पांढऱ्या बैलावर बसलेला असतो. तेनजिनच्या बैलामागे अंत्ययात्रेची कथा आहे आणि त्याचे जन्मवर्षही बैलाचेच होते. तरी त्यात आपल्या नंदीचाही थोडा वाटा असावा, असे मानायला जागा आहे.

हे वाचताना मला आमच्या नोकरीतला एक शाखाधिकारी आठवतो. कुणा बड्या माणसाच्या कर्जाला नको म्हटल्यावर त्याच्यावर चौकशी लागली. बदली झाली ती मुलगी बारावीत असताना, रेल्वेही न जाणाऱ्या गावी. चौकशी सात वर्षे चालली. ‘आरोप सिद्ध झाले नाहीत’ असे पत्र आले, ते सही करून घेतले त्याच्या पत्नीने, कारण तो आदल्या वर्षी गेला होता. त्या बाईंनी ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावले. त्या वेळी आम्हा काही जणांना ते विचित्र वाटले होते. मला आज वाटत नाही. मेलेल्या माणसाला पदाचा उपयोग नसतो, असे आपण सहज म्हणतो. पण त्याच्या मागे राहिलेल्यांना खरे काय ते लिहून हवे असते. तोंडी हळहळ चालत नाही.

धाकाचा देव, मायेचा देव

देव करून दरबाराने आपली भीती मिटवली. पण विजेचा देव विद्येचा देव कसा झाला? ते काम दरबाराचे नव्हे. आधी कवींनी आणि पंडितांनी त्याला आपला मानले, कारण तो त्यांच्यातला होता. मग एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या अवधीत, गावोगावी सामान्यांच्या मुलांसाठी ‘तेराकोया’ नावाच्या शाळा निघाल्या. वाचन, लेखन आणि मणी सरकवून हिशेब करायचा ‘सोरोबान’ एवढे तिथे शिकवत. त्या शाळांत तेनजिनची तसबीर असे. २५ तारीख त्याची. जन्म, हद्दपारीचा हुकूम आणि मृत्यू ही तिन्ही त्याच तारखेची मानली जातात. त्या दिवशी मुले चांगले अक्षर काढून त्याच्यापुढे ठेवत. १७४६ मध्ये ओसाकात त्याच्यावरचे बाहुल्यांचे नाटक रंगभूमीवर आले. त्यात मिचिझानेचा मुलगा वाचावा म्हणून एक बाप स्वतःचा मुलगा मरणाला पाठवतो. तो ‘शाळेचा प्रवेश’ काबुकीतही अजून होतो आणि प्रेक्षक अजून रडतात.

लोकांनी त्याच्या दुःखाचे छोटे छोटे सण केले. दाझाइफूला ७ जानेवारीच्या रात्री लाकडी ‘उसो’ पक्षी एकमेकांत बदलतात. उसो हे पक्ष्याचे नाव, आणि जपानीत त्याच उच्चाराचा दुसरा शब्द म्हणजे खोटे. गेल्या वर्षभरात कळत-नकळत बोललेले खोटे द्यायचे आणि खरे घ्यायचे, असा त्याचा अर्थ. ज्याचे आयुष्य एका खोट्याने उद्ध्वस्त झाले, त्याच्या दारात हा सण असावा हे उचितच. देवळाच्या वाटेवर तांदळाच्या पिठाची भाजलेली गोल वडी मिळते. आत वाटलेल्या कडधान्याचे गोड सारण, आपल्या पुरणाच्या जातीचे. नाव ‘उमेच्या फांदीची वडी’, पण उमेचा त्यात कण नसतो. हद्दपारीत हाल सोसणाऱ्या मिचिझानेला एका म्हातारीने अशी वडी उमेच्या फांदीला लावून दिली, अशी आठवण सांगतात. सरकारने पदे दिली मेल्यावर, म्हातारीने खायला दिले जिवंतपणी.

बँकवाल्याच्या नजरेला पडणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८८ मध्ये बँक ऑफ जपानने पाच येनची नोट काढली, तिच्यावर मिचिझानेचे चित्र होते. तीन वर्षांनी त्याच मालिकेत शंभर येनची नोट निघाली. तिच्यावर होता फुजिवारा घराण्याचा मूळ पुरुष कामातारी! पाचाच्या नोटेवर पंडित आणि शंभराच्या नोटेवर खानदान. हजार वर्षांनीही ज्येष्ठता यादी बदलली नाही म्हणायची. पण आज कामातारीपुढे पाटी टांगायला परीक्षार्थी मुलांची रीघ लागत नाही.

२०२७ मध्ये तेनजिनच्या मृत्यूचा १,१२५ वा स्मरणोत्सव आहे. दर पंचवीस वर्षांनी तो मोठ्या प्रमाणावर होतो. त्यासाठी २०२३ पासून दाझाइफूच्या १५९१ सालच्या मुख्य मंदिराची मोठी दुरुस्ती हाती घेण्यात आली. त्या काळापुरते देवाला जे तात्पुरते घर बांधले, त्याच्या छपरावर वास्तुशिल्पी सोउ फुजिमोतो यांनी झाडेच लावली. उमे एका रात्रीत उडून आले, त्या कथेची ही आजची आठवण.

निकाल लागल्यावर पास झालेली मुले पुन्हा देवळात येतात आणि आभार मानतात. जी नापास होतात आणि वर्ष घेऊन पुन्हा परीक्षेला बसतात, त्यांना जपानीत ‘रोनिन’ म्हणतात. मूळ अर्थ, धनी नसलेला सामुराई. तीही पुढच्या हिवाळ्यात नवी पाटी घेऊन येतात. मधल्या श्रेणीत पास झालेला, शेवटची दोन वर्षे गळक्या घरात काढलेला हा देव त्यांची पाटी कमी लेखील असे वाटत नाही. आईबापांनीही लेखू नये.